सहा पैलूंचं लोखंड

माझ्या वर्कशॉपमध्ये येणारं गिऱ्हाईक अडूनच आलेलं असतं. पेरणीच्या तोंडावर पेरणी यंत्राचा शाफ्ट पिळलेला असतो, ऊसतोडीला निघालेल्या ट्रॉलीच्या चाकाचा नट झिजून गेलेला असतो, नाहीतर वस्तीवरच्या हापशाचा दांडा नुसता हलका हलका खालीवर होतो आणि तोटीला थेंब येत नाही. नेकनूर हे बालाघाटच्या माथ्यावरचं, मांजरसुंबा-केज रस्त्यावरचं बाजाराचं गाव. सुटा भाग आणायचा म्हणजे घाट उतरून बीड गाठायचं, आणि तिथं गेल्यावरही जुन्या यंत्राचा नेमका तोच भाग मिळेल याची खात्री नाही. म्हणून तो भाग इथंच, लेथवर करून द्यावा लागतो. इतकी वर्षं हे काम करताना माझं एक मत पक्कं झालंय. मिलिंग मशीन नसलेल्या खेड्यातल्या वर्कशॉपला सगळ्यात जास्त हात देणारा कच्चा माल म्हणजे सहाकोनी सळई. आम्ही तिला नुसतं ‘हेक्स’ म्हणतो.

आयटीआयत फिटर ट्रेडला असताना गोल सळईतून षटकोन काढायचा जॉब आम्हाला होता. व्ही-ब्लॉकवर खुणा करायच्या, एक बाजू कानशीनं सपाट करायची, समोरची तिला समांतर आणायची, मग बेव्हल प्रोट्रॅक्टरनं १२० अंश बघत पुढची. सहाव्या बाजूला पोचेपर्यंत दंड भरून यायचे आणि गुण मात्र कोन चुकला की जायचे. हात तयार व्हायला त्या जॉबसारखा दुसरा जॉब नाही, हे मी आजही मानतो. पण दारात ट्रॅक्टर उभा असताना, आभाळ भरून आलेलं असताना सहा बाजू कानशीनं काढत बसणं परवडत नाही. ते काम पोलादाच्या कारखान्यानं आधीच करून ठेवलेलं असतं. गरम रोलिंग केलेली सळई तेजाबात धुऊन, वंगण लावून, षटकोनी भोकाच्या डायमधून थंडच ओढली की सहा गुळगुळीत बाजू आणि नेमकं माप घेऊनच ती बाहेर येते. म्हणूनच तिला ‘ब्राइट’ म्हणतात.

हिशोबही हेक्सच्या बाजूनं आहे. हेक्सचं माप समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं धरतात, म्हणजे पाना बसतो ते. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ते १.१५५ पट होतं. १९ ची हेक्स कोपऱ्यात जवळजवळ २२ मिलिमीटर भरते. तेव्हा १९ चं डोकं गोल सळईतून काढायचं तर २२ ची सळई घ्यावी लागते. २२ ची गोल सळई मीटरला सुमारे ३ किलो भरते, १९ ची हेक्स २.४५ किलो. मीटरमागं अर्धा किलो लोखंड आणि वर तासांचे तास मजुरी किसात जाते. हेक्सचं वजन काढायची रीत सोपी आहे. मापाचा वर्ग करायचा आणि ०.००६८ नं गुणायचं, मीटरचं वजन किलोत येतं. माल तोलून घेताना ही रीत कामी येते, म्हणून ती मी भिंतीवर खडूनं लिहून ठेवली आहे.

आमच्या शेजारचं जालना लोखंडाचं गाव आहे. तिथल्या गिरण्यांची टीएमटी सळई मराठवाडाभर घरांच्या स्लॅबमध्ये जाते. ती सळई लेथवर काही कामाची नाही. हेक्स मी संभाजीनगर किंवा पुण्याकडून मागवतो, साधारण तीन मीटरच्या लांबीत, ट्रान्स्पोर्टच्या गाडीनं. आल्या आल्या टोकाला रंग मारायचा हा नियम आहे. साध्या एमएसला पांढरा, ईएन-८ ला निळा, ईएन-१ ला लाल. हे रंग माझ्या वर्कशॉपपुरते आहेत, पण रंग नसेल तर सगळ्या सळया सारख्याच दिसतात आणि पुढं घोटाळा होतो. तो कसला, आणि ही पोलादं कोणती, ते पुढं सांगतो.

लेथच्या तीन जॉच्या चकाशी हेक्सचं चांगलं जमतं. सहा बाजूंपैकी एक सोडून एक अशा तीन बाजूंवर तीन जॉ सपाट बसतात, आणि जॉब मध्यावर येऊन घट्ट धरला जातो. गोल सळई भारी कापाला चकात घसरते, हेक्स घसरत नाही. एक सावधगिरी मात्र हवी, आणि नवीन पोराला मी ती पहिल्याच दिवशी सांगतो. फिरत्या हेक्सचे कोपरे डोळ्याला दिसत नाहीत, ती गोलच वाटते. बोट जवळ गेलं तर कोपरा मारतो. हातमोजे घालून तर लेथजवळ यायचंच नाही. पहिल्या कापालाही टूलवर कोपऱ्यांचे ठोके बसतात. तेव्हा वेग कमी ठेवायचा आणि कार्बाइडऐवजी एचएसएसचं टूल लावायचं. कोपरे उडून पूर्ण गोल आलं की मग वेग वाढवायचा.

आता हापशाचं सांगतो, कारण हेक्सचं मोल मला त्यानंच पटवलं.

आमच्या भागात नळ आले, टाक्या आल्या, टँकरही येतो. तरी एप्रिल-मेमध्ये वस्तीवर, तांड्यावर, शाळेच्या अंगणात अजून हापसाच उपयोगी पडतो. हा हापसा इंडिया मार्क-२. त्याच्या घडणीत मराठवाड्याचा आणि सोलापूरचा वाटा आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. त्याच्या आधी खेड्यात बसवलेले हातपंप बिडाचे होते. परदेशात एकेका कुटुंबाच्या वापरासाठी बनलेल्या पंपांच्या त्या नकला होत्या. एका घरासाठी केलेला पंप दिवसभर सगळ्या गावानं हापसला की तो मोडणारच. १९७२ च्या दुष्काळानंतर बोअर भराभर वाढले, आणि १९७४ च्या सुमारास युनिसेफनं पाहिलं तेव्हा बसवलेले बहुतेक पंप बंद होते. तोवर जालना आणि सोलापूर इथं मिशनच्या पाणीकामात असलेल्या लोकांनी पोलादी पंप करून वापरात आणले होते. ते ‘जालना पंप’ आणि ‘सोलापूर पंप’ म्हणून ओळखले जात. सोलापूर पंपाचा धागा धरून युनिसेफ, भारत सरकार आणि रिचर्डसन अँड क्रुडास या सरकारी कंपनीचा मद्रासचा कारखाना यांनी मिळून मार्क-२ तयार केला. सत्तरच्या दशकाच्या शेवटी तो कारखान्यातून मोठ्या संख्येनं बाहेर पडू लागला आणि पुढं जगभर गेला. आयएस ९३०१ हे त्याचं भारतीय मानक.

या हापशात वरच्या दांड्यापासून खाली सिलिंडरच्या पिस्टनपर्यंत १२ मिलिमीटरच्या गजांची माळ असते, एकेक गज तीन मीटरचा. दोन गज जोडणारा तुकडा म्हणजे सहाकोनी कपलिंग, आत एम-१२ चे १.७५ पिचचे आटे. सिलिंडरचा व्यास ६३.५ मिलिमीटर. पाणी तीस मीटरवर असेल तर पिस्टनवरच्या पाण्याचाच भार ९५ किलोच्या घरात जातो, गजांचं वजन वेगळं. मिनिटाला चाळीसएक वेळा हा भार त्या कपलिंगच्या आट्यांवर येतो आणि उतरतो. आटे झिजले, किंवा मुळातच अर्धवट पडलेले असले, की एक दिवस माळ तुटते. दांडा हलका होतो, आणि बायका घागरी घेऊन उभ्याच राहतात.

एका उन्हाळ्यात जवळच्या वस्तीवरचा हापसा असाच गेला. दुरुस्तीवाल्यांनी गज वर काढले तर कपलिंगचे आटे पार साफ. सुटा भाग मागवला होता, पण तो यायला वेळ होता. वस्तीवरचे एक तात्या तो झिजलेला तुकडा फडक्यात बांधून माझ्याकडं आले. “मिस्त्री, एवढं लोखंड आमच्या पन्नास घरांचं पाणी अडवून बसलंय,” म्हणाले, “करून द्या, मी इथंच बसतो.” १९ ची हेक्स शिल्लक होती. ५० मिलिमीटरचा तुकडा कापला, दोन्ही तोंडं साफ केली, १०.२ चं ड्रिल आरपार घातलं, आणि एम-१२ चा टॅप चकातच सरळ धरून दोन्ही बाजूंनी आटे पाडले. टॅप हातानं तिरका गेला की गज वाकडे लागतात आणि कपलिंगवर ओढ एका अंगाला येते, म्हणून हे काम लेथवरच करायचं. तोंडाला तीस अंशांचा चॅम्फर दिला. तात्यांचा चहा संपायच्या आत पहिलं कपलिंग त्यांच्या हातात होतं. जोडीला आणखी काही करून दिली, कारण एक गेलं की बाकीचीही जाण्याच्या बेतात असतात. संध्याकाळी फोन आला, पाणी सुरू झालं.

हेच कपलिंग गोल सळईतून केलं असतं तर गजाला बसलं असतं, पण नीट कसता आलं नसतं. गोल वस्तूला पाइप पाना लावावा लागतो. तो दात रुतवून ओरखडे काढतो, आणि ओरखड्यातून गंज आत शिरतो. शिवाय बोअरच्या तोंडाशी गज लटकत असताना, दोघांनी वाकून काम करताना पाना निसटला तर अख्खी माळ खाली जाते. हेक्सवर साधा पाना घट्ट बसतो आणि सुटत नाही. षटकोनच का, चौकोन का नाही, असं एका पोरानं मला विचारलं होतं. चौकोनी नटाला पाना पुन्हा बसवायला चौथाई वळसा मोकळा लागतो. षटकोनाला साठ अंश पुरतात, आणि तिरक्या तोंडाचा साधा पाना उलटवून लावला तर तीसच. अडचणीच्या जागी हात घालून काम करणाऱ्याला हा फरक लगेच कळतो.

हेक्सचं दुसरं रूप आमच्या विहिरींवर भेटतं. बालाघाटच्या अंगाला वरचा मुरूम सरला की काळा दगड लागतो. तिथं कॉम्प्रेसरचा ट्रॅक्टर येतो आणि जॅकहॅमरनं सुरुंगाची भोकं पाडतात. जॅकहॅमरला लागणारा रॉड २२ मिलिमीटरचा सहाकोनी असतो, मधून पोकळ, टोकाला टंगस्टन कार्बाइडची पात बसवलेली. शँक १०८ मिलिमीटरची, तिच्यापुढं कॉलर. मशीन प्रत्येक ठोक्याला रॉड थोडा फिरवते, आणि फिरवायला पकड मिळते ती या सहा बाजूंमुळंच. मधल्या भोकातून हवा जाते आणि दगडाची भुकटी वर उडवते. आखूड रॉडची पात ३४ ची, त्याहून लांब रॉडची ३३ ची, मग ३२ ची, म्हणजे लांब रॉड आधीच्या भोकात अडकत नाही. साध्या वाटणाऱ्या वस्तूत केवढा विचार आहे!

पात झिजली किंवा रॉड कॉलरजवळ तुटला की विहीरवाले तो टाकून देतात. आम्हा लोकांना तो सोन्यासारखा. भरपूर कार्बनचं ते पोलाद असतं, त्याला पाणी चांगलं चढतं. गावातल्या भात्यावर माझ्या उस्तादांनी मला या रॉडच्या छिन्न्या करायला शिकवलं. कार्बाइडची पात आधी कापून टाकायची, ती भट्टीत घालायची नाही. रॉड लालभडक तापवून ठोकायचा, काळा पडू लागला की घण थांबवायचा, नाहीतर आत चीर जाते. धार काढून पुन्हा तापवायचा आणि तेलात बुडवायचा. इथं उस्तादांचा इशारा होता, आणि तो मी प्रत्येक शिकाऊ पोराला देतो. रॉड पोकळ आहे. वरचं तोंड उघडं ठेवून बुडवलं तर उकळतं तेल नळीतून वर उसळतं आणि थेट तोंडावर येतं. आधी भोक ठोकून बंद करायचं, मगच बुडवायचं. नंतर धारेवर घासून चकाकी आणायची आणि मंद आचेवर रंग चढताना बघायचा. पिवळा, तपकिरी, जांभळा. छिन्नीला जांभळ्यावर थांबवायचं, पहारीला निळसरपर्यंत जाऊ द्यायचं. घण बसतो ते डोकं मऊच ठेवायचं, ते कडक केलं तर कपचे उडतात.

सहा बाजूंची छिन्नी हातात फिरत नाही, घामानं हात ओला असला तरी धार कुठं आहे ते बोटांना कळतं, आणि उतारावर ठेवली तर घरंगळत विहिरीत जात नाही. पाथरवट आणि विहिरीवरचे गडी गोल छिन्नीपेक्षा हीच मागतात.

आता एक युक्ती सांगतो, जिच्यामुळं माझी पुष्कळ कामं बाहेर जायची थांबली. गोल जॉबवर सारख्या अंतरानं सहा भोकं पाडायची तर कारखान्यात डिव्हायडिंग हेड वापरतात. खेड्यात ते कुणाकडं असणार? मी जाड हेक्सचा चार बोटांचा तुकडा घेतला, लेथवर मधोमध बोअर केला आणि एका बाजूनं ग्रब स्क्रू बसवला. जॉब त्या बोअरमध्ये घालून स्क्रू कसायचा आणि ठोकळा ड्रिल मशीनच्या व्हाइसमध्ये धरायचा. एक भोक पाडलं की व्हाइस सैल करून ठोकळा पुढच्या बाजूवर फिरवायचा. सहा बाजूंची सहा भोकं अचूक साठ अंशांवर येतात. एक बाजू सोडत गेलं की तीन. व्हाइस आणि ड्रिल जागचं हलवायचं नाही, एवढंच पथ्य.

ऊसतोडीच्या हंगामाआधी, दसरा जवळ आला की, आमच्या भागातली कुटुंबं कारखान्यांकडं निघायची तयारी करतात. तेव्हा टायरच्या गाड्या आणि ट्रॉल्या दारात रांगेनं लागतात. चाकाच्या आसावरचा खाचांचा नट, ज्यातून स्प्लिट पिन जाते, तो हेक्समधूनच होतो. सहा बाजूंच्या मध्यावर खुणा करायच्या, करवतीच्या फ्रेमला दोन पाती जोडीनं लावायची म्हणजे खाच पिनेएवढी रुंद पडते. बाजू हीच मापपट्टी, वेगळं मोजायला लागत नाही. ही पिन नीट बसली नाही तर रात्रीच्या प्रवासात चाक निघतं. गाडीवर अख्खं बिऱ्हाड असतं, लेकरं झोपलेली असतात. या नटात मी कधी घाई करत नाही.

बाकीची कामं किती म्हणून सांगू. तुटलेल्या स्टडवर भोक पाडलेला हेक्सचा तुकडा ठेवून आतून वेल्डिंग भरलं की पाना लावून स्टड निघतो. वेल्डिंगच्या उष्णतेनं जाम झालेले आटेही सुटतात. जाड पाइप लाल तापवून हेक्सवर चढवून ठोकला की बॉक्स पाना तयार. काही टोकण यंत्रांचे शाफ्टच सहाकोनी असतात, त्यांना चावी लागत नाही, चाकच त्यावर सरकवायचं. पितळी हेक्समधून फवारणी पंपाचे निपल आणि जोड होतात. विहिरीवरच्या जुन्या डिझेल इंजिनांचे आटे इंची, व्हिटवर्थचे. इंग्रज कारागीर जोसेफ व्हिटवर्थ यानं १८४१ मध्ये मांडलेले, ५५ अंशांचे, अर्ध्या इंचाच्या बोल्टला इंचात १२ आटे. तो नट आता दुकानात मागितला तर दुकानदार तोंडाकडं बघतो. हेक्सचा तुकडा असला की हवे ते आटे पाडता येतात, आणि आजोबांच्या वेळचं इंजिन आणखी काही वर्षं पाणी उपसतं.

आता रंगांचा मुद्दा. ईएन-१ हे सहज कापलं जाणारं पोलाद. त्यात गंधक मुद्दाम जास्त ठेवलेलं असतं, काही प्रकारांत शिसंही. लेथवर ते सुरेख चालतं, आटे आरशासारखे येतात. पण त्यावर वेल्डिंग करू नये, सांध्यात भेगा जातात. वेल्डिंगचं काम असेल तर साधं एमएस. ओढ किंवा पीळ खाणारा भाग असेल तर ईएन-८. आणि ८.८ खुणेच्या जोरदार बोल्टच्या जागी साध्या हेक्सचा घरगुती बोल्ट कितीही सुबक केला तरी बसवायचा नाही. स्टिअरिंगचा, ब्रेकचा, ट्रॉलीच्या जोडणीचा बोल्ट करून द्या म्हणून गिऱ्हाईक कितीही आग्रह करो, मी सरळ नाही म्हणतो. एकदा एक दादा रागावून उठून गेले. जाऊ दे. तिथं विकतचा, खूण असलेला बोल्टच हवा.

आमच्या भागात लेथ, वेल्डिंग चालवणाऱ्या माझ्या भावांना आणि आयटीआयतून नव्यानं बाहेर पडणाऱ्या पोरांना एवढंच सांगणं आहे. मिलिंग मशीन घ्यायला पैसे जमतील तेव्हा जमतील. तोवर १३, १७, १९, २४ आणि ३० ची एकेक एमएस सळई, १९ ची एक ईएन-८, आणि पितळेचा हातभर तुकडा, एवढा माल मे महिना लागायच्या आत आणून ठेवा. टोकाला रंग मारा. आणि हापशाची चार कपलिंगं आधीच करून, तेल लावून डब्यात ठेवा. ती मागायला येणाऱ्याच्या घरी पाणी नसतं.